सूचकाचा हात

खरसुंब्याच्या दूध संस्थेत बावीस वर्षं निवडणूक झालीच नव्हती. उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून एका सभासदाची सही लागते, आणि चेअरमन तात्या बरगे यांच्या विरोधातल्या अर्जावर सही करायला कुणाचा हात धजत नव्हता. मागे एकाने केली होती, तर आठ दिवसांत त्याचा गोठा जळाला.

यंदा विमल शेलारने अर्ज भरला. छाननीच्या दिवशी ती संस्थेच्या कार्यालयात भिंतीला टेकून उभी होती. दारात तात्यांची माणसं उभी होती.

निवडणूक अधिकाऱ्याने तिचा अर्ज हातात घेतला, तशी तात्यांनी टेबलावर थाप मारली.

"साहेब, आधी सूचकाचं नाव वाचा. मोठ्याने वाचा. ज्या हाताने सही केली, तो हात संध्याकाळपर्यंत जागेवर राहणार नाही."

जमलेले सभासद जमिनीकडे बघू लागले. अधिकाऱ्याने नाव पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच वाचलं, "सूचक, श्रीमती गयाबाई बरगे."

गयाबाई म्हणजे तात्यांची आई. आपलं एक मत वाढावं म्हणून तात्यांनीच तिला सभासद करून घेतलं होतं.

तात्यांनी अर्ज ओढून घेऊन सही पाहिली. विमल भिंतीपासून पुढे आली.

"तात्या, अख्ख्या गावात तुम्हाला न भिणारं एकच माणूस होतं, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. तो हात शोधत फिरायला नको. आज सकाळी त्यानेच तुम्हाला भाकरी वाढली."