मानाचा शिकंजा

अवजारांना वाचा होती आणि मानपानही होता, त्या काळातली ही गोष्ट. एका स्टुडिओच्या तुळईवर एक म्हातारा शिकंजा मोठा दिवा धरून असे. त्याची पकड सुटलीच तर दिव्याला सावरायला एक नवी साखळी आली. येताच तिला दिसलं, की शिकंज्याच्या स्क्रूचे आटे पार झिजलेत.

"काका, तुमची पकड सुटतेय," ती म्हणाली.

"कालची पोर मला शिकवणार! तुझं लोखंड खाणीत होतं तेव्हापासून मी दिवे धरतोय."

नव्या चित्रपटाच्या मुहूर्ताला सर्वांत जुन्या शिकंज्याला हार घालायची रीत होती. हार पडताच तो अडून बसला. "आधी साखळीला बाजूला करा. चारचौघांत माझ्यावर अविश्वास?"

"एक दिवस मोठ्यांचं ऐकलंस तर झिजशील का?" तुळईवरचा जुना दोरखंड साखळीवर खेकसला.

"झिजलेत ते. मरेल तो दिवा!"

"ताई, जाऊ नकोस ना," दिवा भेदरून म्हणाला. पण सगळ्यांनी मिळून साखळीला खिळ्यावर टांगलं.

नारळ फुटला, दिवा लागला आणि शिकंज्याची पकड सुटली. खाली काचांचा खच पडला.

"दिवाच जरा जड होता," शिकंजा म्हणाला.

दोरखंडाने साखळीला बजावलं, "आता तोंड उघडू नकोस हं. घरात दुःख झालंय."

दुसऱ्या दिवशी नवा दिवा आला. शिकंज्याच्या गळ्यात हार तसाच होता. "ये बाळा, घाबरू नकोस," तो म्हणाला.

साखळीने तोंड उघडलं नाही. ती खिळ्यावरून उतरली, दिव्याला आणि तुळईला तिने घट्ट वेढा घातला, आणि या वेळी कुणालाच विचारलं नाही.