लाकडी केळ्याची सावली

फार वर्षांमागे कोकणात बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मुलांची एक बालवाडी होती. नवस फेडताना घरी फळांचं ताट मांडून देवाचे आभार मानतात, तसा मलिद्याचा खेळ मुलं रोज मांडत. ताटात लाकडी फळं ठेवत, "झाडाचं फळ देणाऱ्या देवा, तुझे आभार" म्हणत आणि खोटं खोटं खात.

ताटातलं केळं मात्र विरत चाललं होतं. आधी रंग गेला, मग सावली.

"आम्ही झाडाचे," ताटातला लाकडी खजूर म्हणाला. "केळ काही झाड नव्हे, ती दर खेपेला जमिनीतून नवी उगवते, बाबा. तुझे आभार वेगळे. ते कोणी म्हणतच नाही."

"मग मी उद्या दिसेन का?" केळ्याने विचारलं.



दुसऱ्या दिवशी छोट्या सिगुलाने झाडाच्या फळाचे आभार म्हणून केळं उचललं आणि ती बाईंकडे वळली. "रिबकाबाई, हे गार लागतंय. आणि आरपार दिसतंय."

"झाडाचं म्हणालीस ना? केळं जमिनीचं. पुन्हा म्हण बरं," बाई म्हणाल्या.

सिगुलाने डोळे मिटले. "जमिनीचं फळ देणाऱ्या देवा, तुझे आभार."

मुठीत केळं हळूहळू उबदार झालं. भिंतीवर त्याची वाकडी सावली उमटली.

तिने डोळे उघडले, तर माठ, चटई, दाराची कडी, सगळे श्वास रोखून तिच्याकडेच बघत होते.

"थांबा, एकेकाचं म्हणते," सिगुला म्हणाली आणि माठापुढे मांडी घालून बसली.