पदराचं टोक पिळणारी बाई

एका तालुक्याच्या गावात एक कॉलेज होतं. तिथं खांबेटे नावाचे सर मानसशास्त्र शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, तर खिडक्यांचे पडदे ओढायचे, दिवे घालवायचे आणि भिंतीवर नेटवरचा व्हिडिओ लावायचे. मुलांकडं पाठ. वर्गात कोण बसलंय, हे हजेरीपुरतं ठाऊक.

त्यांचा आवडता व्हिडिओ एका खचलेल्या बाईचा. खुर्चीत बसून ती पदराचं टोक पिळायची. मान खाली. सर दरवर्षी तोच लावायचे. म्हणायचे, "लक्षणं लिहून घ्या."

एका वर्षी त्या बाईनं मान वर केली. व्हिडिओत तसं कधीच नव्हतं. सरांच्या खांद्यावरून तिनं थेट शेवटच्या बाकाकडं बघितलं. तिथं मयूरी नावाची मुलगी ओढणीचं टोक पिळत बसली होती.

"मयूरे, तुझ्या ओळखीची दिसतीय गं," एक पोरगं म्हणालं. वर्ग हसला. मयूरी हसली नाही.

सरांनी बटण दाबलं. चित्र थांबलं, बाईचे डोळे थांबले नाहीत. ते मयूरीवरून सरांवर आले, पुन्हा मयूरीवर गेले. शहाण्या माणसानं एकदा मागं वळून बघितलं असतं. सर म्हणाले, "नेट गंडलंय."

तास सुटल्यावर मयूरी दाराशी थांबली. "सर, त्या बाईसारखं मला होतंय. थोडं बोलायचं होतं."

सर प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. "लिंक ग्रुपवर टाकलीय. परत बघ, सगळं कळेल."

त्या दिवसानंतर मयूरी कुणाला दिसली नाही. कॉलेजात नाही, घरी नाही. आई-बाप एसटी स्टँडवर तिचा फोटो दाखवत फिरले. सरांनी तिची गैरहजेरी मांडली.

पुढच्या वर्षी सरांनी तोच व्हिडिओ लावला. खुर्ची तीच. खुर्चीत मयूरी. तिनं मान वर केली.

"सर, थोडं बोलायचं होतं."

सरांनी बटण दाबलं. वायर उपटली. भिंत विझली नाही. तेव्हा कुठं सर वर्गाकडं वळले. नव्या पोरांच्या माना वहीत. सगळी भराभर लिहीत होती. ओढणी पिळते. हळू बोलते.

"सर, जरा मागं घ्या ना," एक मुलगी म्हणाली. "ती काय म्हणाली, ते लिहायचं राहिलं."

तात्पर्य एवढंच: पडद्यावरचं दुःख हवं तेवढ्या वेळा बघता येतं. समोरचं माणूस एकदाच बोलायला येतं. तेव्हा हातातली वायर खाली ठेवावी.