भुऱ्या वाट विसरला?

आटपाट प्रयोगशाळा होती, तिथे भुऱ्या नावाचा उंदीर होता. भूलभुलैयातून शेंगदाण्यापर्यंतची वाट त्याला तोंडपाठ होती. एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला मेंदूतलं डोपामिन अडवणाऱ्या औषधाची सुई टोचली. भुऱ्या दारातच फतकल मारून बसला.

"औषधाने वाट विसरला," बाईंनी वहीत लिहिलं. मग त्यांनी नवख्या, उपाशी चिंगीला आत सोडलं. दोन वळणांतच ती रडकुंडीला आली.

"अगं, आधी डावीकडे, मग दोनदा उजवीकडे," भुऱ्या बसल्या जागेवरून म्हणाला.

चिंगीने शेंगदाणा गाठला. "भुऱ्यादादा, वाट येते, तर तू का नाही आलास?"

"वाट आठवते गं. आज शेंगदाणाच नकोसा वाटतोय."

बाईंनी चष्मा सावरून वहीत लिहिलं, "नवी उंदरीण भलतीच हुशार!"