वांगरवाडीचे पकडमास्तर

माळावर विजेचे खांब आले नव्हते आणि म्हातारी माणसं कबड्डीला अजून हुतूतूच म्हणायची, त्या काळात आमच्या वांगरवाडीत तात्याबा मोरबाळे होऊन गेले. नदीपलीकडचे लोक त्यांना आपल्या गावचे सांगतात. सांगू द्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखं दुसरं आहे तरी काय?

तरुणपणी तात्याबा कोपऱ्यात उभे राहायचे आणि पकड करायचे. असं म्हणतात, घोटा एकदा त्यांच्या हातात सापडला की चढाईवाला कबड्डी कबड्डी म्हणायचं सोडून आईला हाक मारायचा. पुढे गुडघा गेला. खेळणं थांबलं, म्हणून ते शिकवायला लागले. तीस वर्षांत तीन कॉलेजं झाली, आणि तिन्हीकडे त्यांच्यावर कोणीतरी मोठे सर असायचे. मोठे सर चढाई शिकवायचे. तात्याबांकडे फक्त पकडीची पोरं, हातात हात घालून साखळी धरणारी. आता तुम्हीच सांगा, कोणाला पकडीत उभं राहायचं असतं? सगळ्यांना चढाईच करायची असते. पेपरात फोटो चढाईवाल्याचा यायचा, हार मोठ्या सरांच्या गळ्यात पडायचा आणि तात्याबांच्या पोरांचे फोटोत नुसते हात दिसायचे. मला याचा अजून राग येतो. तात्याबांना मात्र कधी आला नाही म्हणे.

त्यांची शिकवायची तऱ्हा जगावेगळी होती. सकाळी मैदानावर पाणी मारून झालं की ते सातही पोरांच्या डोळ्यांवर पंचे बांधायचे आणि चढाईवाल्याला आत सोडायचे. पोरं आंधळ्या कोशिंबिरीसारखी एकमेकांवर आदळायची. बघणारे पोट धरून हसायचे.

"हसू द्या त्यास्नी," तात्याबा म्हणायचे. "तुमी आवाज ऐका. पाय कुटं टाकणार ते त्यो डोळ्यास्नी कळू देणार न्हाई. पर त्याला तोंड बंद ठेवता येत न्हाई. दम सरत आला की कबड्डीतला 'क' पातळ हुतोय बघा. तवा धरायचा."

महिनाभरात पोरांना तो पातळ 'क' ऐकू यायला लागायचा. तात्याबांना तर काय काय ऐकू यायचं! चढाईवाला डावीकडे वळणार की उजवीकडे, हे ते त्याच्या श्वासावरून ओळखायचे. असं म्हणतात, गड्याने सकाळी भाकरी खाल्ली की पोहे, तेही सांगायचे. पोह्यांचं मला खरं वाटत नाही, पण आमच्या आजोबांनी शपथेवर सांगितलंय, तेव्हा मी वाद घालत नाही.

सामन्यात ते कडेला बाकावर बसायचे आणि नेमक्या क्षणी खोकायचे. खोकले की साखळी आवळलीच म्हणून समजा. समोरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला दम्याचा त्रास आहे. एका गावच्या बायकांनी तर कीव येऊन त्यांना आल्याचा काढा आणून दिला होता. तात्याबा तो निमूटपणे प्यायले आणि त्यांनी त्याच गावाचे पाच गडी धरून दिले.

असं सगळं चाललं असताना तात्याबांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी पलीकडची रेषा दिसेनाशी झाली, मग मधली, मग स्वतःच्या पायाजवळची. ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, अनसाबाईंना ठाऊक होती. रोज सकाळी त्या मैदानापर्यंत सोबत यायच्या आणि खोली ते बाक किती पावलं, ते त्यांच्याकडून घोकून घ्यायच्या.

"अवो, सांगून टाका की," त्या म्हणायच्या. "किती दिस लपवायचं?"

"सांगितलं की घरी बसवत्याल. घरात बसून मी काय करू? तुज्या कोंबड्या पकडू?"

हसून बोलायचे खरे, पण आतून पार घाबरलेले असायचे. मैदान सुटलं तर आपण कोण, हे त्यांना माहीतच नव्हतं. सातव्या वर्षापासून त्यांनी दुसरं काही केलेलं नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली, आणि त्यांचं तालुक्याचं कॉलेज विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोचलं. आजवर ते कधी इतकं पुढे गेलं नव्हतं. समोर शहरातलं कॉलेज, आणि त्यांचा चढाईवाला इब्राहिम मुल्लाणी. असं म्हणतात, इब्राहिम पळाला की त्याच्या मागची धूळ आधी पोचायची आणि तो नंतर दिसायचा. (हे उलटं आहे, मला कळतं. पण सांगतात असंच.)

पहिला डाव आपला झाला. तात्याबा खोकत होते, साखळी आवळत होती. सात गुणांची आघाडी झाली. मग शहरातली माणसं ट्रकमधून आली. हलग्या आल्या, शिट्ट्या आल्या, कोणीतरी पत्र्याचे डबे बडवायला घेतले. पाच हजार माणसांचा तो कल्ला, आणि त्याच्या मधोमध बाकावर बसलेले तात्याबा. त्यांना काही म्हणता काही ऐकू येईना. ते अंदाजाने खोकले, साखळी नको त्या क्षणी झेपावली, इब्राहिम तिघांना शिवून परत गेला. पुन्हा खोकले, पुन्हा तेच. आघाडी वितळली. गुण सारखे झाले आणि शेवटची एकच चढाई उरली, इब्राहिमची. तो शिवून परत गेला तर ते जिंकणार, धरला तर आपण.

शिदू लवटे हा आपला कप्तान. पंचांकडून मिनिटभराची वेळ मागून तो बाकाशी धावत आला.

"मास्तर, आज काय झालंय तुमास्नी? भलत्याच येळी खोकताय."

शिदूने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, समोरून हात हलवला. डोळे हलले नाहीत. तो त्यांच्या कानाशी वाकला.

"कदीपास्नं?"

"दोन वर्सं झाली."

"ऱ्हाऊ द्या मग," शिदू म्हणाला. "मी कुणाला सांगत न्हाई. धरू आमी आमच्या अंदाजानं. हरलो तर हरलो."

शिदूने त्यांची सुटका केली होती. कोणाला काही कळलं नसतं. पुढच्या वर्षी पुन्हा बाक, पुन्हा सकाळ, पुन्हा पोरं. तात्याबांना ते सगळं हवं होतं, अगदी जीव तुटेपर्यंत हवं होतं. पण मागे त्यांची पोरं धापा टाकत उभी होती, आणि त्यांचा श्वास तात्याबांना तेवढा मात्र ऐकू येत होता.

ते उठले. शिदूचा खांदा धरून मैदानाच्या मधोमध गेले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले,

"मला दिसत न्हाई! दोन वर्सं झाली, मला दिसत न्हाई. मला ऐकू द्या!"

पुढची माणसं आधी गप्प झाली. मग त्यांच्या मागची, मग त्यांच्याही मागची. हलग्या थांबल्या. असं म्हणतात, चहावाल्याने फुरफुरणारा स्टोव्ह विझवला, अंगावरची पोरं रडायची थांबली आणि पिंपळाची पानंसुद्धा हलायची राहिली. पाच हजार माणसं, आणि सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

इब्राहिम मधल्या रेषेवर उभा होता. आता त्याला सगळं कळलं होतं. तोंडातल्या तोंडात पुटपुटला असता तरी पंचांनी चालवून घेतलं असतं. पण तो म्हणाला,

"मास्तर, मी मोठ्यानं म्हणतो."

आणि तो तसाच आला, देवळातल्या घंटेसारखा खणखणीत. बाकावर परतलेले तात्याबा मान तिरकी करून ऐकत राहिले. एक फेरी, दुसरी फेरी. खोकायची आता गरज नव्हती. ते हलकेच म्हणाले, "धरा."

मधल्या रेषेपासून वीतभर अलीकडे इब्राहिम धरला गेला. उठल्यावर त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर तात्याबांचे पाय धरले.

हार मोठ्या सरांच्या गळ्यातच पडला. आठवडाभरात कॉलेजने तात्याबांना शाल आणि नारळ देऊन घरी पाठवलं. ज्याची भीती होती तेच झालं. एसटीतून उतरले तेव्हा तात्याबा रडत होते, आणि ते त्यांनी कोणापासून लपवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वांगरवाडीची सात पोरं त्यांच्या दारात उभी राहिली, डोळ्यांवर घरूनच पंचे बांधून. वाटेत दोघं गटारात पडली होती म्हणे. त्यानंतर सतरा वर्षं तात्याबांनी आमच्या माळावर पकड शिकवली.

आता ते नाहीत. त्या पोरांपैकीही कोणी नाही. पण दरवर्षी माघात माळावर तात्याबांच्या नावाने सामने होतात, आणि पहिल्या चढाईआधी भोंगा बंद करतात. सगळे गप्प बसतात. ज्याला जे जमेनासं झालंय आणि जे त्याने लपवून ठेवलंय, ते त्याने तेव्हा मैदानात येऊन सांगायचं. त्यावरून त्याला कोणी हसायचं नाही, की त्याचं काम काढून घ्यायचं नाही. काही वर्षी कोणीच येत नाही.

गेल्या वर्षी शाळेत खिचडी करणाऱ्या चंद्राक्का आल्या. पदर खोचलेला, नजर खाली. म्हणाल्या, "माझा हात थरथरतोय. तीन म्हैने झालं. पोरांच्या अंगावर गरम सांडंल म्हणून रोज भ्या वाटतंय."

मग पोरांच्या घोळक्यातून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आक्का, तुमी शिजवा. वाढतो आमी."

आणि पहिली चढाई सुरू झाली.