काळडोहातला पहिला दगड

“काळडोहात दीपस्तंभ बांध! नाहीतर दसऱ्याच्या आत कामाठवाडी रिकामी कर!”

वेळणेबंदरच्या महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला आणि सुभानजी कंत्राटदाराच्या पायाखालची जमीन सरकली. सरकणारच! खाडीत भराव घालून ती त्यानेच तर बनवली होती.

हुकूमही त्याने स्वतःच ओढवून घेतला होता. बंदर वाढत होतं, जहाजांची रीघ लागली होती आणि महाराजांना दीपस्तंभासाठी किनाऱ्यावर जागा हवी होती. त्यांचं बोट नेमकं कामाठवाडीवर पडलं. घाटावरून आलेले पाथरवट, बेलदार, गवंडी तिथे राहत. अख्खं बंदर त्यांच्याच घामावर उभं राहिलेलं. सुभानजीही त्यांच्यातलाच, पाटी वाहता वाहता कंत्राटदार झालेला. वाडी वाचवायला तो दरबारात गेला, इथवर ठीक होतं. पण मऊ गालिचा पायाला लागला आणि गड्याची जीभ सैल सुटली.

“वाडी कशाला मोडता, महाराज? हा सुभानजी भर समुद्रातसुद्धा बांधून देईल!”

महाराज हट्टी, आणि दुसऱ्याचा शब्द झेलण्यात तरबेज. बंदराच्या तोंडाशी काळडोह होता. कोळ्यांनी दोराला दोर जोडून शिशाचा गोळा सोडला तरी तळ लागत नसे. तोच त्यांनी नेमला!

सुभानजीला आपली लायकी पक्की ठाऊक होती. त्याने बांधलेला धक्का पाण्याकडे असा झुकला होता की होडीत उतरायला शिडी लागत नसे. त्याचा पूल मात्र जसाच्या तसा उभा होता, कारण त्यावरून जायची कुणाची छातीच नव्हती. हे सगळं तो स्वतःच लोकांना रंगवून सांगे. आज मात्र हसू येईना.

घरी बायको, हौसा, दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

“अवो, त्वांड हाय का खाडीचं मुख? भरती आली की गाव बुडालंच!”

“बोल बाई, बोल! देवानं मला जीभ दिली, पर तिला बांध घालायचं कंत्राट कुनाला दिलंच न्हाई!”

एवढ्यात म्हातारे कोंडाजी गवंडी काठी टेकत आले. “सुभाना, पोरंबाळं घिऊन आता कुठं जायाचं रं?” एवढंच त्यांनी विचारलं. सुभानजीची मान खाली गेली. धक्का झुकला तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज त्याला आज वाटली.

हौसा मात्र पदर खोचत म्हणाली, “रडताय कशापायी? कामाच्या आदी काय करत्यात?”

“मुहूर्त.”

“मग करा की! म्हाराजास्नी आवतान द्या!”

वेळणेबंदरात महाराजांच्या हस्ते पहिला दगड बसल्याशिवाय सरकारी कामाला हात लावायची सोय नव्हती. पहिला दगड लावणाऱ्याचंच नाव कामावर कोरायचं असा त्यांचा कायदा, म्हणून दगडावर त्यांचं नाव कोरलेलं लागे आणि तो ते स्वतःच्या हाताने बसवत. एका कंत्राटदाराने घाईघाईत गटार आधीच खणलं, तर महाराजांनी ते बुजवायला लावलं, मुहूर्त केला आणि पुन्हा खणून घेतलं!

ठरल्या दिवशी महाराज वाजतगाजत किनाऱ्यावर आले. अंगावर जरीचा अंगरखा, डोक्यावर तुरा. हळदकुंकू लावलेला दगड तयार होता. सुभानजी नारळ हातात धरून उभा होता. हौसाला काय करायचंय ते त्यालाही माहीत नव्हतं!

“आण तो दगड,” महाराज म्हणाले. “कुठे बसवू?”

हौसा पुढे झाली. “हितं न्हवं, म्हाराज! पाया तिकडं हाय, काळडोहाच्या तळाला. होडी तयार हाय. उतरा!”

वाजंत्रीवाले माना वळवून होडीकडे बघायला लागले.

“बुडवतेस की काय आम्हाला?” महाराज गरजले. “होडीतून टाकतो वरून!”

“टाकल्याला दगूड म्हंजी भराव, म्हाराज! मुहूर्ताचा दगूड हातानं बसवायचा, ह्यो तुमचाच कायदा!”

“मग या खेपेला मुहूर्त नको!”

“चालंल की! पर ज्यानं पयला दगूड लावला त्याचंच नाव कामावर कोरायचं, ह्यो बी कायदा तुमचाच. मग आमच्या धन्याचं नाव कोरते. लांबलांबची गलबतं वाचतील, ‘सुभानजीचा दीपस्तंभ’!”

महाराजांनी सुभानजीकडे पाहिलं. मग त्या झुकलेल्या धक्क्याकडे पाहिलं. “छे, छे! शक्य नाही!”

“मग तुमीच सांगा, म्हाराज! जिथं मुहूर्ताचा हात पोचत न्हाई, तिथं गवंड्याची थापी कशी पोचायची?”

महाराजांनी काळडोहाकडे पाहिलं. मग असे खदाखदा हसले की तुरा तिरपा झाला.

“हरलो, बाई! कामाठवाडी तुमची, पिढ्यान्‌पिढ्या तुमची! दीपस्तंभ पलीकडच्या कातळावर बांधू. पण आम्ही न्हाऊनमाखून आलो, मुहूर्त टळत चाललाय. आता या दगडाचं करायचं काय?”

“वाडीत विहीर न्हाई, म्हाराज. बाया पान्यासाठी टेकडी चढत्यात. मुहूर्ताचा दगूड बसंल येवढाच खड्डा म्या खनून ठिवलाय. तिथं तळ लागतुया!”

वाडीतल्या बाया रडता रडता हसायला लागल्या. महाराज स्वतः दगड उचलून निघालेसुद्धा. “विहीर आमच्याकडून इनाम! आणि बांधायचं कंत्राट अर्थातच आमच्या या सुभानजीला!”

सुभानजीच्या हातातला नारळ निसटला. धावत जाऊन त्याने महाराजांचे पाय धरले.

“म्हाराज, एवढी दया करा! दुसरा कुनी बी बघा. त्या हिरीचं पानी आमालाच प्यायचंय!”