शेवरबंदरचा हातखडक

वेळ दुपारी सव्वाचारची. स्थळ शेवरबंदरचा एसटी थांबा. ओहोटी लागली होती. नाशिकहून आलेल्या आम्हा पाच जणांपैकी गायधनींनी थांब्याशेजारी सुकट निवडत बसलेल्या बाईंना विचारले, "मावशी, हातखडक कुठं आहे?"

बाईंनी सूप खाली ठेवले, हात धुतले, पदर खोचला आणि त्या सरळ चालू लागल्या.

"अहो, इथूनच दाखवा. आम्ही जाऊ."

"जागेवरनं दाखवायला मी काय हातखडक हाय? चला गुमान."

"तुमची सुकट मांजर खाईल की!"

"खाऊ दे. मांजर काय माझा माणूस बुडवत नाय."

बाईंचे नाव अनसूया होडेकर. मैलभर त्या आमच्या पुढे चालल्या. वाटेत निवडुंगाने वेढलेले एक दगडी जोते लागले. तिथे त्या थांबल्या, जोत्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "नागी आली का?" क्षणभर वाट पाहिली आणि पुन्हा पावले उचलली. गायधनी हसले. "कोण नागी?"

"तात्या सांगतील. हसायचं का ते मग ठरवा."

लखूतात्या तांडेल खाडीच्या तोंडाशी जाळे दुरुस्त करत बसले होते. वय एक्याऐंशी. परक्या गलबताला खाडीत सुखरूप आणणारा तो तांडेल. हे काम त्यांच्या घराण्यात पूर्वापार आहे. समोर पाण्यातून एक काळा कातळ वर आला होता. कातळावर कोपरापासून वर उचललेला हात, पंजा दक्षिणेकडे. निसर्गाची करामत म्हणून सोडून द्यावे, तर पाची बोटे वेगळी दिसतात.

तात्यांनी सांगितलेली हकिकत अशी.

दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडून, रोमकांच्या मुलखातून, मोसमी वारा शिडात भरून यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबते या किनाऱ्याला येत. द्राक्षांची दारू आणि काच आणत, मिरी आणि तलम कापड नेत. कातळाच्या दक्षिणेचे पाणी रुंद आणि शांत, पण कमरेइतक्या खोलीवर खडक. उत्तरेची वाट अरुंद, फेसाळ, पाहूनच धडकी भरावी अशी. खोल पाणी तिथेच. म्हणून शेवरचा तांडेल होडीने सामोरा जाई, गलबतावर चढे आणि सुकाणू आपल्या हाती घेई. बुडाले तर सगळ्यांबरोबर तोही बुडेल, हाच त्याचा शब्द.

त्या काळी तांडेल होता सामळ. एक गलबत त्याने अकरा वेळा आत आणले होते. त्या गलबताचा सुकाणूवाला एक यवन, गाव त्याला थेऊ म्हणे. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण एका ताटात जेवत.

मग राजा बदलला. नव्या राजाचा अमात्य बंदरावर कोट बांधून बसला. खाडीच्या वरच्या अंगाला जुन्या राजाचे बंदर अजून तग धरून होते. तिथे एकही गलबत पोहोचू द्यायचे नाही, असे त्याने ठरवले. त्याने सामळची मुलगी नागी कोटात आणून ठेवली आणि बापाला बोलावले.

"कोणाला बुडव असं मी म्हणत नाही," अमात्य म्हणाला म्हणे. "तू खडकावर उभा राहा आणि दक्षिणेकडे हात दाखव. बस. मुलगी घरी."

हुकूम देणारा कोटात कोरडा बसला, ओल्या खडकावर दुसरा उभा राहिला. हे कोणत्याच राज्यात बदललेले दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन ओहोटीला गलबत आले. सामळ होडीत नाही, खडकावर आहे, हे थेऊने पाहिले. सामळने हात उचलला, दक्षिणेकडे. थेऊने काही विचारले नाही, शीडही उतरवले नाही. मित्राचा हात पाहिला आणि गलबत वळवले.

तो बिनशंक वळला, तेच सामळला सोसले नाही, असे सांगतात. तो समुद्राला म्हणाला, "या हातानं खोटी वाट दाखवली. हा हात तू घे." त्याच क्षणी त्याचा हात बोटांपासून थंड पडत गेला आणि कोपरापर्यंत दगड झाला. पायाखालचा कातळ आणि हाताचा कातळ एक झाले. सामळने अंगाला हिसडा दिला, हात तिथेच ठेवला आणि पाण्यात उडी घेतली.

एका हाताने तो पोहत गलबताच्या पुढे गेला, उत्तरेच्या फेसात. थेऊने ते डोके ओळखले. शीड खाली आले, सुकाणू वळले. पुढे एक माणूस, मागे शंभर माणसांचे गलबत. किनाऱ्यावरचे शिपाई भाले टेकून बघत राहिले, एकालाही बाण सोडावासा वाटला नाही. गलबत खोल पाण्यात आले तेव्हा थेऊने दोर टाकला. दोर धरायला एकच हात उरला होता, आणि तो पोहून संपला होता.

सामळ वर आला नाही.

त्या संध्याकाळी गावाने समुद्राच्या पाण्यात हात बुडवून शपथ घेतली : वाट दाखवायची ती पुढे चालून. थेऊला गावाने नागीचे सांगितले. तो उठला आणि कोटाच्या दारात जाऊन मोडक्या बोलीत म्हणाला, "नागी आली का?" पहारेकरी म्हणाले, माहीत नाही. तो दुसऱ्या दिवशी गेला. वारा फिरला, गलबत परत निघाले, थेऊ त्यावर चढला नाही. रोज सकाळी तो दारात जाई. पहारेकरी बदलले, त्याचे केस पिकले, प्रश्न तोच राहिला. मरताना त्याने तो गावाच्या स्वाधीन केला.

तात्यांनी जाळ्यातली गाठ दाताने आवळली. "हात दक्षिणेला दाखवतो, आमच्या होड्या उत्तरेनं जातात. आम्हाला काय करू नये ते त्यानं कायमचं लिहून ठेवलंय."

पाणी उतरत गेले, तसा तो हात आणखी उंच वाटू लागला.

आजही शेवरबंदरात परक्याला कोणी हात दाखवत नाही. हातातले काम टाकून पुढे चालतात. आजही कोटाच्या त्या जोत्यापाशी गावकरी थांबतो आणि विचारतो. परतताना अनसूयाबाई थांबण्याआधी गायधनीच थांबले. त्यांनी टोपी काढली. "नागी आली का?"

निवडुंगात वारा होता, एवढेच.

सामळचे नाव गावाला ठाऊक आहे. सातासमुद्रापलीकडच्या थेऊचे आहे. त्या मुलीचेही आहे. अमात्याचे नाव काय होते आणि त्याने नागीचे काय केले, हे दोन हजार वर्षांत कोणी सांगितलेले नाही.